चौदाव्या हिश्शाची मालमोटार

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना हमरस्ता बिजासनचा घाट चढून माळव्यात शिरतो आणि महू, इंदूर, देवास अशी गावे घेत ग्वाल्हेरकडे निघून जातो. या रस्त्याच्या अंगाखांद्यावर मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. नाशिकची द्राक्षे, देवगडचा हापूस, दिवाळी अंकांचे गठ्ठे हे सारे आपल्या उंबऱ्यापर्यंत आणून पोचविणारी जी मालमोटार, तिच्याकडे मात्र आपण क्वचितच निरखून पाहतो. ती पुढे असली तर कधी बाजूला होते याची वाट पाहतो आणि मागे असली तर तिच्या कर्ण्याने दचकतो. तिचे पाटे, तिचा हौदा, तिचे फाळके यांत पाहण्याजोगे काही असेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

परंतु जगात माणसांचा एक वर्ग असा आहे की, जो मालमोटारीकडे देवळाच्या कोरीव खांबाकडे पाहावे तसे पाहतो. ही माणसे ती मोजतात, तिचे अंग न् अंग समजून घेतात आणि तिची चौदाव्या हिश्शाची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी जुळवून बिनतारी नियंत्रणावर चालवतात. हा छंद जपानात आणि जर्मनीत विशेष रुजला असून आपल्याकडेही त्याचे पाऊल वाजू लागले आहे. ‘हे तर मुलांचे खेळणे!’ असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. या खेळण्याच्या पोटात गणित आहे, यंत्रशास्त्र आहे, रंगकाम आहे आणि शेवटी आपल्याच घराच्या स्मृतीशी जाऊन भिडणारा एक प्रश्नही आहे.

लाकडाच्या धंद्यातून

बिनतारी लहरींनी दूरचे यंत्र चालवावे ही कल्पना आजची नव्हे. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नौका सोडली आणि तिला हात न लावता ती वळवून दाखविली. ही विद्या घराघरांत यायला मात्र पाऊणशे वर्षे लागली. ती आणणाऱ्यांत जपानच्या शिझुओका शहरातील टॅमिया या संस्थेचा वाटा मोठा आहे.

योशिओ टॅमिया यांनी १९४६ साली तेथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला होता. पुढे त्याच घरातून लाकडी प्रतिकृतींचे संच बाहेर पडू लागले. प्लास्टिकचे युग आले तेव्हा, १९६० साली, ‘यामातो’ या युद्धनौकेचा संच त्यांनी काढला. १९७६ साली पोर्श ९३४ ही त्यांची पहिली बिनतारी मोटारगाडी आली आणि १९९३ मध्ये ‘किंग हॉलर’ नावाची, लांब नाकाची, अमेरिकन धाटणीची मालमोटार आली. तिचे माप खऱ्याच्या चौदाव्या हिश्शाचे होते. त्यानंतर मर्सिडीज, व्होल्व्हो, स्कॅनिया, मान या युरोपीय गाड्या त्याच मापात आल्या आणि ‘एकास चौदा’ हे या छंदाचे जणू प्रमाण माप होऊन बसले. जर्मनीतील वेडिको या संस्थेच्या धातूच्या मालमोटारींचेही जुन्या छांदिष्टांत मोठे नाव होते.

या संचाचे पेटारे उघडले तर आत गाडी सापडत नाही. सापडतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग, पोलादी पाटे, दंतचक्रे आणि पिशव्या भरभरून स्क्रू. सोबत एक चित्रमय पुस्तिका असते. तीत शब्द थोडे आणि आकृत्या फार. त्या आकृत्या क्रमाने वाचता येणे हीच पहिली परीक्षा होय. दुसरी परीक्षा धीराची. दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी गाडीचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो केवळ सांगाडा. परंतु खऱ्या कारखान्यातही मालमोटार अशीच जन्मते. आधी कणा, मग पाय आणि सर्वांत शेवटी मुखवटा.

मापाचे गणित

एकास चौदा म्हणजे काय, हे नीट पाहू. युरोपातील मालमोटारीची कायद्याने ठरलेली कमाल रुंदी साधारण २.५५ मीटर. तिला चौदाने भागले की १८ सेंटिमीटर येतात. जोड-गाडीची, म्हणजे पुढचा ओढणारा भाग आणि मागचा ट्रेलर मिळून, लांबी १६.५ मीटर धरली, तर प्रतिकृती ११८ सेंटिमीटरांची होते. म्हणजे मधल्या आकाराच्या दिवाणखान्यात तिला एक वळण घेतानाही जागा शोधावी लागते.

लांबी चौदाने भागली म्हणून वजनही चौदाने भागावे असे मात्र नाही. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी वस्तू लहान होते. म्हणून वजनाला चौदा गुणिले चौदा गुणिले चौदा, म्हणजे २,७४४ ने भागावे लागते. ४० टनांची भरलेली गाडी या हिशेबाने सुमारे साडेचौदा किलोंची होते. संचातून जुळवलेली रिकामी गाडी यापेक्षा पुष्कळच हलकी असते आणि म्हणूनच ती फरशीवर उड्या मारीत धावते. खऱ्या गाडीची गंभीर, डुलती चाल तिला येत नाही. जाणकार छांदिष्ट सांगाड्याच्या खालच्या बाजूला शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे बसवून वजन वाढवतात आणि कडक पाट्यांतील एखाद-दुसरी पट्टी काढून ते मऊ करतात.

येथे एक गोष्ट मात्र कोणाच्याच हाती नाही. आपण गाडी लहान करतो, पण पृथ्वीचे आकर्षण लहान करू शकत नाही. त्यामुळे सर्व काही मापात बसविले तरी छोट्या गाडीचा हेलकावा खऱ्या गाडीच्या हेलकाव्यापेक्षा जवळजवळ पावणेचारपट चपळ राहतो. चौदाचे वर्गमूळ तेवढेच आहे. चित्रपटांत छोट्या प्रतिकृतींची दृश्ये जलद टिपून सावकाश दाखवीत, त्याचे कारण हेच.

वेगाचेही तसेच. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी चौदाव्या हिश्शात ताशी पावणेसहा किलोमीटरने जायला हवी. हा तर पायी चालणाऱ्या माणसाचा भरभर चालीचा वेग झाला! शर्यतीच्या बिनतारी मोटारी वाऱ्यासारख्या पळतात. मालमोटारीच्या छंदात पळविणाराला कोणी शाबासकी देत नाही. तेथे शाबासकी मिळते ती हळू, न अडखळता, भार ओढीत चढ चढणाऱ्याला. म्हणूनच या संचांत तीन गतींची गिअरपेटी असते. पहिल्या गतीत जोर अधिक आणि वेग कमी, तिसऱ्या गतीत उलट. ही गती चालवणारा दुरूनच बदलू शकतो.

आतली यंत्रणा

हातातील प्रेषकाची काठी थोडी सरकवली की गाडीची चाके वळतात. मध्ये काय घडते? प्रेषक आकाशात लहरी सोडतो. गाडीतील ग्राहक त्या टिपतो आणि ‘सर्व्हो’ नावाच्या छोट्या यंत्राकडे विजेचे ठोके पाठवतो. हे ठोके सामान्यतः सेकंदाला पन्नास. ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाके सरळ, एक सहस्रांश टिकला तर एका बाजूला आणि दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या बाजूला. इतक्या सूक्ष्म काळाच्या भाषेत हुकूम सुटतो आणि पाळला जातो. एक सर्व्हो सुकाणू सांभाळतो, दुसरा गिअर बदलतो आणि मोटारीला किती वीज द्यायची हे वेगनियंत्रक ठरवतो.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झसारख्या लहरींवर हे प्रेषक चालत. दोघांचे स्फटिक एकाच लहरीचे निघाले की एकाची गाडी दुसऱ्याचे ऐकू लागे! आता २.४ गिगाहर्ट्झची साधने आली आहेत. त्यांत प्रत्येक ग्राहक आपल्याच प्रेषकाला ओळखतो आणि एका मैदानात अनेक गाड्या सुखाने नांदतात. आपल्या देशात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना २००५ पासून परवाना लागत नाही.

पुढच्या चाकांच्या जोडणीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. गाडी वळताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक थोडे अधिक वळले पाहिजे. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडीकाराने ही युक्ती घोड्यांच्या बग्गीसाठी शोधली आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ साली इंग्लंडात तिचे हक्क नोंदविले. बग्गी गेली, घोडे गेले, पण ती युक्ती आजच्या मालमोटारीत आहे आणि मेजावरच्या या छोट्या गाडीतही आहे. दोनशे वर्षांचे ज्ञान बोटांनी चाचपून पाहता येते, ते असे.

हौस आणि हव्यास

संच जुळला म्हणजे काम संपले असे नाही. खरे सांगायचे तर तेथून पुढेच प्रत्येकाची गाडी स्वतःची होऊ लागते. पहिली सुधारणा बहुधा डोळ्यांना न दिसणारी असते. आसांना आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या बुशांच्या जागी बेअरिंगे बसवावीत; गाडी हलकी फिरते, बॅटरी अधिक टिकते. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना पकड देणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावावा, म्हणजे ते हादऱ्यांनी सैल होत नाहीत.

मग दिवे. ६ व्होल्टांवर लाल दिवा लावायचा असेल तर तो स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेले ४ व्होल्ट रोधकाने अडवायचे. प्रवाह ५० व्या हिश्शाचा अ‍ॅम्पिअर ठेवला तर २०० ओहमचा रोधक हवा. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम येथे मागच्या दिव्याच्या रूपाने लुकलुकतो. ज्या मुलाला तो पुस्तकात कधी कळला नाही, त्यालाही तारेला डाख देताना कळतो. इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज, वळणदर्शक दिवे आणि उभ्या गाडीचा थरथराट देणारी नियंत्रकपेटीही मिळते. काठी पुढे सारताच आवाज आधी जड होतो आणि गाडी मग हलते, तेव्हा जवळ बसलेली प्रौढ माणसेही नकळत पुढे सरकून बसतात.

रंग देताना घाई नसावी. आधी बारीक पॉलिश पेपरने अंग घासावे, धुऊन वाळवावे, अस्तराचा हात द्यावा आणि मग रंगाचे पातळ थर एकावर एक चढवावेत. जाड थर एकदम दिला तर तो ओघळतो आणि कडांची सारी नजाकत बुजवतो. पावसाळी, दमट दिवशी फवाऱ्याने रंग देऊ नये; त्यावर पांढुरकी साय धरते.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. नवी कोरी गाडी रस्त्यावर दुसऱ्या दिवशीच नवी राहत नाही. चाकामागच्या भागावर चिखलाचे शिंतोडे उडतात, धुराड्याच्या तोंडाशी काजळी धरते, दाराच्या मुठीभोवती हात लागून लागून रंग विटतो, हौद्याच्या तळाशी खरचटे पडतात. हे जुनेपण दाखविणे म्हणजे वाटेल तेथे तपकिरी रंग फासणे नव्हे. पाणी कोठून ओघळेल, धूळ कोठे साठेल, ड्रायव्हर कोणता पाय कोठे ठेवून चढेल, याचा विचार करून एकेक डाग ठेवावा लागतो. प्रत्येक डागाला कारण हवे.

येथेच हौस आणि हव्यास यांची फारकत होते. हव्यासाला वीस दिवे हवे असतात, चकचकीत धातूचे चार भोंगे हवे असतात. खऱ्या गाडीवर जे आहे तेवढेच आणि जसे आहे तसेच आपल्या गाडीवर आणण्यात हौसेला समाधान असते. बाजारात तयार मिळणारे चमकदार भाग एका दिवसात विकत घेता येतात. नजर मात्र विकत मिळत नाही.

मागे नेण्याची विद्या

जर्मनीत या छंदाची मंडळे आहेत. डॉर्टमुंडसारख्या शहरांतील प्रतिकृतींच्या प्रदर्शनांत ही मंडळे रस्ते, गोदामे, खाणी, बांधकामांच्या जागा यांचे चौदाव्या हिश्शाचे नगरच उभारतात. तेथे टिपर माती उचलतात, आणि त्यांचा हौदा उचलणाऱ्या दट्ट्यांत खरेखुरे तेल छोट्या पंपाने खेळवलेले असते. उत्खनक खणतो, टिपर भरतो, गाडी ढिगापाशी जाऊन रिकामी होऊन परत येते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही; कामाचा प्रवाह अडू द्यायचा नाही एवढाच नियम.

कसब जोखण्याची एक कसोटी मात्र सर्वत्र सारखी आहे. ट्रेलर जोडलेली गाडी उलट नेऊन दोन रेघांमध्ये, गोदामाच्या धक्क्याला समांतर उभी करणे! पुढे जाताना ट्रेलर आज्ञाधारक असतो. मागे जाताना तो प्रत्येक चूक मोठी करून परत देतो. त्याचे ढुंगण उजवीकडे न्यायचे तर सुकाणू आधी डावीकडे वळवावे लागते आणि कोन धरू लागताच लगेच उलट फिरवून त्याच्या मागे जावे लागते. क्षणभर उशीर झाला की गाडी आणि ट्रेलर मिटलेल्या चाकूसारखे एकमेकांवर येतात. मग उपाय एकच, पुढे यावे, सरळ व्हावे आणि पुन्हा आरंभ करावा. ही विद्या एकदा हाताला बसली की, देवास नाक्यावरच्या गर्दीत अरुंद गल्लीतून गाडी उलट काढणाऱ्या ड्रायव्हरकडे आपण कर्ण्याला वैतागलेल्या माणसाच्या नजरेने पाहूच शकत नाही. त्याच्या हातातील कला आपल्याला दिसू लागते.

आपल्या गाडीचा संच कोठे आहे?

या सगळ्या संचांच्या नावांत एक उणीव वाचकांच्या ध्यानी आली असेल. त्यांत अमेरिकेची गाडी आहे, जर्मनीची, स्वीडनची आहे. ज्या गाडीने आपल्या घरचे धान्य वाहिले, ती नाही.

आपल्या मालमोटारीचे जर्मन गाडीशी नाते तर जुने. १९५४ साली जमशेदपूरला टाटा आणि डाइम्लर-बेन्झ यांच्या सहकार्याने मालमोटारी निघू लागल्या. १९६९ पर्यंत त्या करारानुसार त्यांच्या तोंडावर तीन पात्यांचा तारा मिरवत असे; मग टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. नावांच्या आकड्यांतही ते नाते टिकले आहे. टॅमियाच्या संचातील ‘मर्सिडीज १८३८’ म्हणजे १८ टन आणि ३८० अश्वशक्ती. आपल्या रस्त्यावरची ‘टाटा १६१३’ म्हणजे १६ टन आणि १३० अश्वशक्ती. लिपी एकच, फक्त ऐपत वेगळी.

पण आपली गाडी केवळ कारखान्यात घडत नसे. कारखान्यातून निघे तो इंजिनासह सांगाडा आणि समोरचा पत्रा. ड्रायव्हर उघड्यावर, डोक्याला फडके गुंडाळून, तो सांगाडा कोसच्या कोस चालवीत नेई. मग एखाद्या गावचा सुतार, लोहार आणि पेंटर मिळून त्यावर कॅबिन चढवीत, लाकडी हौदा बांधीत, फाळक्यांवर कमळे, गाई, मोर काढीत. म्हणून एकासारखी दुसरी गाडी नसे. हे काम बहुतांशी नजरेच्या आणि हाताच्या मापाने चाले. त्याचे आराखडे जपून ठेवावेत असे कोणाला वाटले नाही. आता कॅबिन कारखान्यातूनच तयार येते, लाकडाच्या जागी पत्रा आला आहे आणि पेंटरच्या कुंचल्याच्या जागी छापील चिकटपट्टी. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही ओळखीची अक्षरेदेखील महाराष्ट्र सरकारने २०१५ साली व्यापारी वाहनांवरून काढण्याचा आदेश दिला. विनाकारण कर्णे वाजविण्याला त्यांमुळे उत्तेजन मिळते, हे कारण. कारण योग्यच आहे. तथापि जे जात आहे ते कसे होते, याची नोंद कोणी ठेवायची?

आम्हांला असे वाटते की, ती हा छंदिष्ट ठेवू शकतो. वडोदऱ्यातील आमच्या परिचयाच्या एका घरात हे घडताना आम्ही पाहिले आहे. घरातील आजोबा निवृत्त फिटर. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणे, वडोदऱ्याहून गोध्रा-दाहोदमार्गे इंदूरपर्यंत स्वतःची गाडी चालवीत. दादा गेले, गाडी त्याआधीच विकली गेली. उरले होते दसऱ्याच्या दिवशी काढलेले एक काळे-पांढरे छायाचित्र आणि जुन्या कागदांत सापडलेले नोंदणी-पुस्तक. कॉलेजात जाणाऱ्या नातीने त्या छायाचित्रावरून गाडी करायला घेतली.

छायाचित्रावरून माप कसे काढावे, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. नोंदणी-पुस्तकात पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर होते, ४.२ मीटर. छायाचित्र सुदैवाने गाडीच्या अगदी बाजूने काढलेले. त्यात तेच अंतर भरले ८४ मिलिमीटर. म्हणजे चित्रातला एक मिलिमीटर खऱ्यातले ५० मिलिमीटर. हौदा चित्रात १०४ मिलिमीटर, म्हणजे खरा ५.२ मीटर आणि चौदाव्या हिश्शात ३७ सेंटिमीटरांहून किंचित अधिक. आसांमधील अंतर तर बरोबर ३० सेंटिमीटर आले. चाकांसाठी मात्र युरोपीय संचाची चाके मोठी ठरली, आपल्याकडच्या ९.००-२० मापाच्या टायरचा व्यास मीटरहून किंचित अधिक असतो, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे ७२ मिलिमीटर. ती तिने वेगळी मिळवली. हौदा तिने सागाच्या पातळ पट्ट्यांचा केला आणि कॅबिन सनबोर्डची. केरळातील हौशी तरुण याच सनबोर्डासारख्या हलक्या फळीतून बस आणि मालमोटारींच्या देखण्या प्रतिकृती घडवतात, हे तिला ठाऊक होते.

मापे चित्राने दिली. रंग देऊ शकला नाही. तो आजोबांकडून घ्यावा लागला. ‘‘अगं, फाळका हिरवा नव्हे, मोरपंखी. आणि कडीला तेल द्यायचे दादा स्वतः. माझ्या हाताचे त्यांना पटत नसे,’’ असे ते सांगत आणि ती लिहून घेई. आजोबांची स्मृती अलीकडे दगा देऊ लागली आहे; सकाळी घेतलेले औषध त्यांना दुपारी आठवत नाही. पण कडी उजव्या फाळक्याला होती की डाव्या, हे त्यांनी हवेत हात फिरवून, डोळे मिटून सांगितले. ते हाताला आठवत होते.

मतभेद झाला तो एकाच ठिकाणी. गाडीच्या तोंडावर तारा होता असे आजोबांचे ठाम म्हणणे. कागद सांगत होते की गाडी १९७१ सालची. म्हणजे तारा असायला नको. छायाचित्रात पाहावे तर नेमक्या त्याच जागी दसऱ्याच्या झेंडूचा भरघोस हार! नातीने आजोबांना खोटे ठरवले नाही आणि कागदांनाही नाही. तिने कागदी झेंडूचा बारीक हार ओवला आणि छायाचित्रात होता तसाच, त्याच जागी बांधला. आजोबांनी गाडी हातात घेतली, हार न उचलता तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘हीच.’’

प्रतिकृतीचे खरे मोल आम्हांला तेथे उमगले. जे ठाऊक आहे ते मापात करावे, जे ठाऊक नाही ते मनाने रचू नये; आणि ज्याला ठाऊक आहे तो माणूस समोर आहे तोवर त्याला विचारून घ्यावे.

घरातल्यांसाठी चार शब्द

या छंदाचा खर्च लपविण्यात अर्थ नाही. परदेशी संच, प्रेषक, बॅटरी आणि जकात मिळून किमतीचा आकडा सहजच पाच अंकी होतो. म्हणून आरंभ तेथून करू नये. आरंभ करावा तो मोजपट्टी आणि वहीपासून. गावच्या गाडीतळावर सकाळी, कामाची गडबड नसताना जावे. ड्रायव्हरची परवानगी मागावी. गाडीची लांबी, रुंदी, आसांमधील अंतर, हौद्याची उंची टिपून घ्यावी. अगदी समोरून आणि अगदी बाजूने छायाचित्रे घ्यावीत. आमचा अनुभव असा की, आपल्या गाडीबद्दल कोणी आस्थेने विचारले तर ड्रायव्हर चहा पाजल्याशिवाय सोडीत नाही. मग पुठ्ठ्याची, बिनयंत्राची एक गाडी करून पाहावी. ती नीट उतरली तर सनबोर्ड, आणि त्याच्याही पुढे जावेसे वाटले तर मोटार, सर्व्हो आणि प्रेषक.

सुरक्षिततेबद्दल मात्र तडजोड नको. लिथियम-पॉलिमर बॅटरी शक्तिशाली असते, तशीच तापटही. तिच्या प्रत्येक घटाला ४.२ व्होल्टांपलीकडे भारू नये आणि ३ व्होल्टांच्या खाली उतरू देऊ नये. घटांचा समतोल राखणारा भारकच वापरावा. भारण्यास लावून बाहेर जाऊ नये वा झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. नवशिक्याने निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टांची बॅटरी घ्यावी, हे उत्तम. रंगाचा फवारा उघड्या हवेत, तोंडाला मुखपट्टी लावून मारावा. झटपट चिकटणारा डिंक आणि बारीक स्क्रू लहानग्यांच्या हाती लागू देऊ नयेत.

आणि एक गोष्ट. हे काम एकट्याने खोलीचे दार लावून करण्याचे नव्हे. एकाने आकृती वाचावी, दुसऱ्याने कानस चालवावी, तिसऱ्याने रंग मिसळावा. मुलींना रंग आणि मुलांना पेचकस अशी वाटणी तर मुळीच करू नये. परमुलखात राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी बोलण्याची निमित्ते हळूहळू कमी होत आहेत, अशी तक्रार आपण वरचेवर करतो. मेजावर अर्धवट जुळलेला सांगाडा असला की ‘‘तो पाटा दे’’, ‘‘कडी अलीकडे घे’’, ‘‘आजोबा, फाळका कसा उघडायचा?’’ अशी बोली आपोआप सुरू होते. हौदा, फाळका, कमान, डाख हे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकात मुलांना भेटणार नाहीत; ते हाताच्या कामातच भेटतात.

आपापल्या घरी असे एखादे छायाचित्र असेलच. कोणाच्या मामांची गाडी, कोणाच्या वडिलांचा टेम्पो, कोणाच्या गावची वळणाची बस. ते बाहेर काढावे, मागच्या बाजूला साल आणि नाव लिहावे आणि ज्यांना त्या वाहनाचा रंग आठवतो अशा माणसाजवळ या आठवड्यातच जाऊन बसावे. संच पुढच्या वर्षीही विकत मिळेल. रंग सांगणारा माणूस तेव्हा भेटेलच, असे कोणी सांगावे?